मातीच्या गढीवरची झुडपं शिवजयंतीपूर्वी साफ करायची आहेत, सल्ला हवा

गढीखालचा :

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. गावाच्या वरच्या अंगाला जुनी गढी आहे. दगडी काम फक्त दरवाजापाशी, तेही निम्मं पडलेलं. बाकी सगळा मातीचा तट. चार कोपऱ्यांना चार बुरूज होते म्हणतात, आता दोन धड आहेत आणि तिसऱ्याचा उंचवटा राहिलाय. तट दोन पुरुष उंच भरेल. बाहेरून उतार, उताराच्या पायथ्याला खंदक. खंदक निम्मा बुजलाय, पावसाळ्यात त्यात म्हशी बसतात.

कुणी देसायांची गढी म्हणतं, कुणी पेंढाऱ्यांच्या भीतीनं गावानं घातलेली म्हणतं. कागद काही नाही. ते जाऊ दे, माझा प्रश्न वेगळा आहे.

आमच्या तरुण मंडळानं यंदा गढी साफ करायची ठरवलीय. वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावची मिरवणूक बघायला सगळी जातात, आपल्याच गावात जुना तट असून तिथं कुणी फिरकत नाही, ही खंत. तटावर टणटणी इतकी माजलीय की खालून तट दिसतच नाही. मधेमधे सीताफळ, बोर, रानमोडी. एका बुरुजावर मांडीएवढा पिंपळ. उरलेल्या जागी गुडघाभर कुसळी गवत.

बेत असा: आधी आग लावून वाळकं जाळायचं, मग मंडळातल्या एकाच्या पाहुण्याचा जेसीबी आहे, तो डिझेलवर यायला तयार आहे, त्यानं उतार खरडून एकसारखा करायचा. जूनमध्ये तटावर दोन्ही बाजूंनी झाडं लावायची. वनखात्याच्या नर्सरीतून रोपं मिळतील.

गावातले एक मास्तर म्हणाले, एवढं करू नका, तट जाईल. का जाईल ते त्यांना नीट सांगता आलं नाही. इथं कुणाला अनुभव असेल तर सांगा. हातात महिनाभर आहे.

कोल्हापूरकर_ट्रेकर :

भावा, भारी काम करायलाय. आग लावू नको, बाकी बेत बरोबर आहे. फक्त उतार खरडून झाला की लगेच दगडी पिचिंग (उतारावर दगड बसवणं) करून घ्या, वरून सिमेंटचा थर. आमदार फंडातून होतंय. एकदा केलं की पन्नास वर्षं बघायला नको. आणि पिंपळाच्या बुंध्याला भोक पाडून हिंग भरा, महिन्यात वाळतोय.

बांधबंदिस्ती :

आधी जेसीबीवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगा, मग पुढचं वाचा.

माझी सगळी नोकरी कर्नाटकच्या जलानयन (पाणलोट विकास) खात्यात फिल्डवर गेली. सौंदत्ती, बैलहोंगलकडं काळ्या रानात बांध घालायचे, खानापूर भागात तांबड्या मातीत समपातळीचे चर काढायचे. शेताचा बांध काय आणि गढीचा तट काय, दोन्ही मातीचेच, आणि पाऊस दोघांना सारखाच. फरक एवढाच की बांध फुटला तर पुढच्या उन्हाळ्यात परत घालता येतो. तट वाहून गेला तर तिथं नवी माती टाकून तुम्ही तट बांधाल, पण तो तुमच्या मंडळाचा तट असेल.

तुमच्या तटाला आज धरून ठेवलंय ते त्या गुडघाभर कुसळीनं. खरडलेल्या उतारावर पहिला वळीव पडून गेल्यावर जाऊन उकिडवे बसा आणि मातीकडं अगदी जवळून बघा. बारीक खडे पेन्सिलीच्या जाडीच्या मातीच्या खांबांवर उभे दिसतील. खड्याखालची माती राहिली, भोवतालची थेंबांच्या माऱ्यानं उडून गेली. त्या खांबाची जेवढी उंची, तेवढा तट एका पावसात गेला. थेंब माती उडवतो, उडालेली बारीक माती भेगा बुजवते, वर पापुद्रा धरतो, मग पाणी मुरायचं सोडून पळायला लागतं. पळतं पाणी आधी बोटाएवढी रेघ पाडतं, तीच रेघ आषाढात हातभर घळ होते. आपल्याकडं खानापूरच्या बाजूला पाऊस किती पडतो ते तुम्हाला सांगायला नको.

गवत असलं की थेंब पात्यावर फुटतो. खाली वाळकं पातेरं असतं, पाणी त्यातून झिरपत जातं, आणि मुळांची जाळी वीतभर मातीला आवळून धरते. दिवाळीत पोरं किल्ला करतात तेव्हा चिखलावर अळीव-मोहरी टाकतात, हिरवा झाला की किल्ला ढासळत नाही. तेच इथं मोठ्या मापात.

हे एकट्या माझं नाही. अमेरिकेत व्हर्जिनियात पीटर्सबर्ग म्हणून शहर आहे. त्यांच्या यादवी युद्धात 1864 च्या जूनपासून 1865 च्या एप्रिलपर्यंत तिथं वेढा होता, दोन्ही सैन्यांनी मैलोन्‌मैल मातीचे मोर्चे आणि चर खणले. त्यातले बरेच आजही आहेत. तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्यानं असल्या मातीकामाच्या देखभालीवर बराच विचार करून ठेवलाय. सारांश असा की रानात, पालापाचोळ्याखाली निवांत पडलेले मोर्चे चांगले टिकले, आणि बागेसारखी हिरवळ राखून वारंवार यंत्रानं कापलेले, लोक चढउतार करत राहिलेले झिजले. म्हणून मोकळ्या जागी ते तिथलंच उंच देशी गवत वाढू देतात, वर्षाकाठी मोजकं कापतात. स्कॉटलंडात रोमन लोकांनी साधारण इ.स. 142 च्या सुमाराला घातलेली अँटोनाइनची भिंत दगडी पायावर गवताच्या ढेकळांची होती. तिचे उंचवटे अजून दिसतात, आणि 2008 पासून ती जागतिक वारशात आहे. तिथला पाऊस संथ, आपला धोधो, तेव्हा त्यांचं सगळं जसंच्या तसं इथं लागू होत नाही. पण उघडी माती टिकत नाही, ही गोष्ट दोन्हीकडं एकच.

आता टणटणी. हिच्यावर माझी माया नाही, पण ती काढायची पद्धत आणि वेळ महत्त्वाची. दाट टणटणीखाली वाकून बघा, गवताची काडी दिसणार नाही, माती उघडी. एप्रिलमध्ये ती सगळी काढली तर वळवाला तुम्ही तट ताटात वाढून दिला. म्हणून आत्ता हात लावू नका. मृगाचा पाऊस सुरू होऊन जमीन ओली झाली की काढायला घ्या, तीही सगळी एकदम नको. उताराला आडवे पट्टे पाडा, एक पट्टा काढा, एक ठेवा. मुळासकट उपटू नका. शेतात उपटा, बांधाखाली उपटा, पण तटावर एक खोड उपटलं की टोपलीभर जुनी माती वर येते आणि तिथं पाणी शिरायला भोक पडतं. कोयत्यानं जमिनीसरशी तोडा. ती फुटणार, परत तोडा. तोडलेल्या फांद्या तिथंच आडव्या पसरा, त्या पाण्याला अडवतात. बी धरलेल्या मात्र बाहेर नेऊन टाका. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात त्याच आठवड्यात मारवेल गवताची ठोंबं टोचा, वीतभर अंतरावर, मधे हरळीचे कांडे. धारवाडला गवत आणि चारा संशोधनाचं केंद्र सरकारचंच आहे, तिथं विचारा, बियाणं-ठोंबांचा सल्ला मिळेल. ठेवलेला पट्टा पुढच्या पावसाळ्यात.

आग अजिबात नको. कुसळी जळून परत फुटते हे खरं, वणव्यानं गवत मरत नाही. पण चैत्र-वैशाखात जाळलं की मृगापर्यंत तट उघडा बोडका राहतो आणि मधल्या काळात वळीव येतो, गारा येतात. शिवाय ठिणगी कुणाच्या गवताच्या गंजीवर गेली की मंडळ पोलिसात.

तटावर झाडं लावायचा बेत सोडून द्या. झाड वाऱ्यानं हलतं तेव्हा मुळाभोवतीची माती सैल करतं, आणि वादळात उन्मळलं की बैलगाडीभर तट मुळात धरून घेऊन पडतं. लावायचीच तर खंदकाच्या बाहेर, गायरानात लावा, तटाला सावली पडणार नाही इतकी लांब. सावलीत गवत मरतं. आधीपासून असलेली सीताफळं-बोरं राहू देत, त्यांनी काही बिघडवलेलं नाही.

पिंपळाचं वेगळं. मांडीएवढा झालाय म्हणजे मुळं बुरुजात पार गेली असणार. आता उपटायचा विचारसुद्धा करू नका, बुरूज उकलेल. वरचा भार दरवर्षी थोडा कमी करायचा, म्हणजे वाऱ्याला धरायला पसारा राहणार नाही. पूर्ण तोडायचाच झाला तर कर्नाटकात 1976 चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, वनखात्याची परवानगी लागते, आणि गावात पिंपळाला कुऱ्हाड लावायला कुणी पुढं येणार नाही हे वेगळंच. तोडला तरी बुंधा-मुळं आत ठेवायची. हिंगानं पिंपळ वाळतो असं सगळीकडं ऐकतो. वाळलेला पिंपळ दाखवा म्हटलं की सांगणारा चहा मागवतो.

पिचिंगबद्दल, ट्रेकर, राग मानू नका. मातीचा तट वरून पाणी पितो आणि तोंडानं सोडतो. तोंडावर सिमेंट मारलं की पाणी आत साचतं, माती फुगते, आणि एका श्रावणात पिचिंग पोटासकट बाहेर येतं. नाल्याच्या काठाला केलेली अशी कामं आमच्या भागात हवी तेवढी बघायला मिळतात. आणि दगडी दिसलं म्हणजे भक्कम, असंही नाही. राजस्थानातल्या भरतपूरच्या मातीच्या तटावर इंग्रजांच्या जनरल लेकनं 1805 साली चार हल्ले केले, चारही फसले. तोफेचा गोळा दगड फोडतो, मातीत रुतून बसतो. बांधणाऱ्यांना दगड मिळत नव्हता म्हणून त्यांनी माती घातली असं प्रत्येक ठिकाणी समजू नका.

गढीखालचा :

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. जेसीबी रद्द. मंडळात थोडी चिडचिड झाली कारण पोरांना शिवजयंतीला काहीतरी दिसायला पाहिजे. त्यांना काय काम देऊ?

आणि दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, गुरं चढून चढून तटाला एका ठिकाणी खिंड पडलीय, पोरं तिथूनच मोटारसायकल वर घालतात. दुसरं, दरवाजाच्या डाव्या हाताला घुशींची बिळं आहेत, एकात हात कोपरापर्यंत जातो.

पहाणी_वाचणारी :

मधे बोलते. काम सुरू करण्याआधी जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. आरटीसी उतारा (आपल्या कर्नाटकातला सातबारा) काढा, गायरान आहे की देसायांच्या वारसांच्या नावावर आहे की पुरातत्त्व खात्याच्या. केंद्राच्या संरक्षित यादीत असेल तर हद्दीपासून 100 मीटरात नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढं 200 मीटर परवानगीशिवाय काही नाही. राज्याच्या यादीत असेल तर 1961 चा राज्याचा कायदा लागतो. कुठल्याच यादीत नसली, असल्या गढ्या बहुतेक नसतातच, तरी सरकारी जमिनीतली माती-मुरूम परवान्याशिवाय उचलणं हा गुन्हा आहे. पीडीओंना (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना) लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्ज कन्नडमध्ये द्या, लवकर हलतो, गावात कुणीतरी लिहून देईल.

आणि काही सापडलं, नाणं, तोफगोळा, काहीही, तर व्हॉट्सअपवर फोटो टाकू नका. रात्री गुप्तधनवाले कुदळ घेऊन येतात. आमच्याकडच्या एका गढीत असंच झालं, अमावस्येला लिंबू आणि सकाळी पुरुषभर खड्डा.

बांधबंदिस्ती :

ताईंचं बरोबर. अर्ज आधी.

पोरांना काम भरपूर आहे. शिवजयंतीपर्यंत दरवाजापुढचं अंगण, आतली सपाट जागा, बाटल्या-प्लास्टिक, खंदकातला कचरा. खंदक खणायचा नाही, फक्त कचरा वेचायचा. तळाच्या गाळात काय आहे ते तज्ज्ञांनी बघायचं. दरवाजाच्या दगडांवर रंग, ऑइलपेंट, नावं घालायची नाहीत. एक भगवा आणि एक फलक पुरे. फलकासाठी खड्डा तटात नको, सपाटीवर. आणि फोटो काढून ठेवा: चार जागा ठरवा, प्रत्येक जागी एक दगड खूण म्हणून ठेवा, तिथूनच दर दोन महिन्यांनी फोटो. तट झिजतोय की सावरतोय हे डोळ्याला कळत नाही, फोटोला कळतं.

खिंडीचं काम सगळ्यात महत्त्वाचं, टणटणीपेक्षाही. वर जायची वाट एकच ठेवा, दरवाजातून. लोकांना वर जाऊ द्यायचं नाही असं केलं तर कुंपण मोडून जातील. खिंडीच्या खाली आणि वर बोरीच्या फांद्यांची शिरी दाबून टाका, गाडी चढणार नाही, गुरंही वळतील. मग मृगाआधी ती भरून घ्या. भरायची माती गढीतली घ्यायची नाही, पाटातली किंवा शेतातली आणा, पीडीओंना सांगून. टाकण्याआधी जुन्या मातीवर शेडनेटचा तुकडा अंथरा, त्यावर नवी माती पातळ थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून धुमसानं चोपा. उद्या कुणी अभ्यासक उकरून बघायला आला तर जुनं कुठं संपलं आणि तुमचं कुठं सुरू झालं ते त्याला जाळीवरून कळेल. वरून गोणपाट पसरा, बांबूच्या वीतभर खुंट्या, गोणपाटाला भोकं पाडून हरळी लावा. वर्षभरात गोणपाट कुजतो, तोवर हरळी धरते.

खिंडीच्या पायथ्याशी, तटाच्या बाहेर, पाणी वाहतं त्या रेषेवर वाळ्याची एक ओळ लावा. म्हैसूरकडं गुंडलुपेटच्या बाजूला शेतकरी बांधावर पिढ्यान्‌पिढ्या वाळा लावतात ते उगाच नाही, तो पाण्याला चाळून सोडतो. पण तटाच्या अंगावर वाळा नको. त्याची मुळं सरळ पुरुष-दीड पुरुष खाली जातात, मातीच्या थरांचा जो काही इतिहास आत असेल त्यातून जातात. अंगावर मारवेल-हरळी, पायथ्याला वाळा.

घुशीची बिळं खणून घूस काढायला जाऊ नका, बिळापेक्षा तुमचा खड्डा मोठा होईल. तोंडात वाळक्या पाल्याचा बोळा सैल कोंबून ठेवा. दोन-तीन दिवसांत बाहेर ढकललेला नसला तर बीळ रिकामं. मग ओला मुरूम काठीनं ठासत आतपासून भरा. घूस कशाला येते तेही बघा, दरवाजाशी जेवणावळीचं उष्टं टाकत असतील. साळिंदर किंवा घोरपड निघाली तर हात लावायचा नाही, वन्यजीव कायदा आहे.

माळरान_सौंदत्ती :

आमच्याकडं रान कोरडं, पाऊस तुमच्या निम्मासुद्धा नाही, त्यामुळं टणटणीपेक्षा विलायती बाभूळ आणि माती चोरी हीच दुखणी. गढीची पांढरी माती धाब्याच्या घरांवर टाकायला नेतात, शेतातही खत म्हणून टाकतात. आमच्या शेजारच्या गावात अर्धा बुरूज असा घराघरांच्या डोक्यावर गेला. आता स्लॅबची घरं झाली तशी ती मागणी कमी झालीय, पण ट्रॅक्टर आल्यापासून शेतासाठी नेणारे वाढले.

आमचा प्रश्न: गवत राखायचं म्हणता, पण कापलेल्या गवताचं काय? आमच्या गावात मेंढरं आहेत, धनगर बंधू दरवर्षी येतात. त्यांना बंदी घातली तर भांडण.

बांधबंदिस्ती :

बंदी नको. मेंढरू हलकं असतं, गवत खरवडतं पण म्हशीसारखं उतार मोडत नाही. फक्त वेळ पाळायची. जमीन ओली असताना कुणीच चढायचं नाही. ओल्या उतारावर खूर सरकला की गवत मुळासकट सालपटासारखं निघतं. कापणी झाल्यावर, जमीन कडक झाल्यावर, थोडे दिवस मेंढरं फिरली तर चालेल, लेंड्याही पडतात.

कापणी कधी, हा खरा प्रश्न. चारा चांगला पाहिजे तर कुसळीला कुसं यायच्या आधी कापायला लागतं, नाहीतर जनावराच्या तोंडात टोचतात. पण सगळंच आधी कापलं तर बी पडणार नाही. म्हणून निम्मा तट दसऱ्याच्या आसपास, निम्मा दिवाळीनंतर बी झडल्यावर, आणि पुढच्या वर्षी बाजू बदलायची. विळ्यानं, चार बोटं बुडखा ठेवून. मोटारीचं ग्रासकटर नको, त्याचं पातं मातीला लागतं आणि पोरांना ते थांबवता येत नाही. दिवाळीनंतरची कापणी झाली की वाळकं उभं राहत नाही, त्यामुळं शिमग्याच्या वणव्याचीही भीती कमी.

कापलेलं गवत पंचायतीकडून लिलावात द्या, गायरानाचं देतात तसं. लिलाव घेणारा माणूस स्वतःच राखण करतो, त्याच्या गवतात कुणी मोटारसायकल घातली तर तो तुमच्या मंडळाच्या आधी काठी घेऊन धावतो. पैसे थोडे येतील, पुढच्या वर्षीची ठोंबं आणि गोणपाट त्यातून भागतील. लिलावाच्या कागदावर तीन अटी लिहून घ्या: खणायचं नाही, जाळायचं नाही, पाऊस सुरू असताना जनावर चढवायचं नाही. सही पीडीओंसमोर.

गढीखालचा :

उतारा काढला. गायरान आहे. अर्ज उद्या देतो. पाहुण्याचा जेसीबी तसाच उभा आहे, त्याला गावच्या तळ्यातला गाळ काढायला सांगितलंय, तोही अर्ज त्याच दिवशी. खिंड भरायला गाळ चालेल का?

बांधबंदिस्ती :

नुसता गाळ नको, वाळला की भेगा पडतात. दोन पाट्या तांबडा मुरूम, एक पाटी गाळ, असा मिसळून घ्या. मुठीत दाबून लाडू करा, कमरेएवढ्या उंचीवरून टाका. फुटून चार तुकडे झाले तर बेत जमला, पीठ झालं तर गाळ वाढवा, नुसता चेपटला तर मुरूम वाढवा.